निनवेचं ‘ग्रंथालय’: मातीच्या पाट्या, राजाचं दप्तर आणि आगीची गोष्ट

प्रश्न असा आहे: प्राचीन असीरियाची राजधानी निनवे इथलं अशुरबनिपाल राजाचं ग्रंथालय जगातलं पहिलं, त्यात मातीची ३० हजार पुस्तकं होती, शहर जळालं तेव्हा ती भट्टीत भाजल्यासारखी पक्की झाली आणि म्हणून वाचली, असं जिथे तिथे वाचायला मिळतं. यातलं खरं किती? ही पुस्तकं ठेवत कशी, आणि वाचत कोण?

मी सुरुवातीला संस्कृत पोथ्यांच्या सूचीचं काम करत होते. नंतरची वीस वर्षं कीलाकार लिपीतल्या, म्हणजे ओल्या मातीत खिळ्यांसारख्या खुणा उमटवून लिहिलेल्या, पाट्या वाचण्यात गेली. हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी थोडक्यात सांगते. ते पहिलं ग्रंथालय नव्हे. सीरियातल्या एब्लाच्या राजवाड्यात सापडलेलं पाट्यांचं दप्तर त्याच्या दीड हजारांहून जास्त वर्षं आधीचं आहे. ३० हजार हा आकडा तुकड्यांचा आहे, ग्रंथांचा नव्हे. आगीची गोष्ट अर्धीच खरी. आणि सगळ्यात मोठी गल्लत ‘ग्रंथालय’ या शब्दातच आहे. निनवेला जे सापडलं त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत: राजाचा ग्रंथसंग्रह आणि राज्याचं दप्तर. या दोन्ही वेगळ्या केल्याशिवाय तिथलं काहीच नीट कळत नाही.

त्या मिसळल्या कशा, ते आधी पाहू. आजच्या इराकमधल्या मोसुल शहरासमोर, तिग्रिस नदीच्या पूर्वेकडे, कुयुंजिक नावाचं मोठं टेकाड आहे. निनवेचे राजवाडे त्याच्या पोटात होते. १८५०च्या सुमारास लेयार्ड हा इंग्रज उत्खननकार तिथे नैऋत्येकडचा राजवाडा खणत होता. हा अशुरबनिपालचा आजा सन्हेरीब याचा वाडा. त्यातल्या दोन खोल्यांत जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंत नुसत्या पाट्या आणि त्यांचे तुकडे साचलेले निघाले. या पाट्या वरच्या मजल्यावरून कोसळल्या असाव्यात, असं बऱ्याच जणांना वाटतं. पुढे डिसेंबर १८५३ मध्ये मोसुलच्याच होर्मुझ्द रस्सामला त्याच टेकाडाच्या उत्तर भागात अशुरबनिपालचा स्वतःचा वाडा सापडला. तो भाग फ्रेंचांच्या वाट्याचा समजला जाई, म्हणून रस्सामनं तिथे रात्री खणायला सुरुवात केली. सिंहाच्या शिकारीचे जगप्रसिद्ध शिल्पपट ज्या दालनात होते, त्याच दालनात पाट्यांचा दुसरा मोठा साठा होता.

त्या काळी कोणती पाटी कोणत्या खोलीत, कोणत्या थरात मिळाली याची नोंद ठेवायची पद्धतच नव्हती. पाट्या पेट्यांत भरल्या गेल्या, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोहोचल्या, आणि दोन्ही वाड्यांचा माल एकत्र झाला. कुयुंजिकचं आद्याक्षर घेऊन त्यांना ‘के’ क्रमांक मिळाले. एखाद्या संस्थानाचं दप्तर आणि राजाचा पोथ्यांचा संग्रह एकाच पोत्यात भरून हलवला तर जे होईल, तेच इथे झालं. मांडणी कायमची गेली, ती आता परत येणार नाही. म्हणून आमच्या कामात प्रत्येक पाटीलाच विचारावं लागतं: बाई, तू कोणत्या फळीवरची?

पाटी बरंच काही सांगते. आधी तिचा आकार पाहायचा. असीरियन लेखनिक मजकुराच्या जातीनुसार पाटीचा घाट ठरवत. आडवी, उंचीच्या दुप्पट लांब पाटी असेल तर तिला ‘उइल्तु’ म्हणत. ज्योतिषाचे अहवाल आणि कर्जरोखे या घाटाचे. उभी असेल तर ‘एगिर्तु’, म्हणजे बहुधा पत्र. कर्जरोख्याला मातीचाच पातळ लिफाफा असे आणि त्यावर मजकूर पुन्हा लिहून ऋणकोची मुद्रा उमटवत. ग्रंथाची पाटी मात्र मोठी असते. तिच्या प्रत्येक बाजूवर दोन, तीन स्तंभ आणि त्यांच्यामध्ये सरळ आखलेल्या रेषा. माती गाळून इतकी मऊ केलेली की आजही बोटाला रेशमासारखी लागते. अक्षरं तांदळाच्या दाण्याहून लहान, पण प्रत्येक खूण कोरीव. अशुरबनिपालच्या वाड्यातली चांगली पाटी हातात आली की लिहिणाऱ्याचा हात किती तयार होता ते वाचायच्या आधीच कळतं.

मग लिपीचं वळण. कीलाकार लिपी एकच, पण असीरियन वळण वेगळं आणि दक्षिणेकडच्या बाबिलोनचं वेगळं. जुन्या छापील पुस्तकांत मुंबई वळणाचा ‘अ’ आणि उत्तरेकडचा ‘अ’ जसा नजरेला लगेच वेगळा दिसतो, तसंच हे. निनवेच्या साठ्यात बाबिलोनी वळणाच्या पाट्या पुष्कळ आहेत. त्या तिथे कशा आल्या ते पुढे येईलच.

आता दप्तराकडे वळते, कारण लोक महाकाव्यांच्या मागे लागतात आणि खरा जिवंत माणूस या दप्तरात सापडतो. निनवेहून दोन हजारांहून अधिक पत्रं आणि त्यांचे तुकडे मिळाले आहेत. सुभेदार, हेर, वैद्य, मांत्रिक, ज्योतिषी, सगळे राजाला लिहीत असत. हेलसिंकी विद्यापीठात सिमो पार्पोला यांच्या पुढाकारानं १९८०च्या दशकात या कागदपत्रांच्या संपादनाचा मोठा प्रकल्प उभा राहिला आणि त्यामुळे ती आज कोणालाही वाचता येतात. ‘कागदपत्रं’ म्हटलं खरं, पण दुसरा शब्द सुचत नाही.

ज्योतिषांचे अहवाल अगदी छोटे असतात. चंद्र आणि सूर्य महिन्याच्या १४ व्या दिवशी समोरासमोर दिसले, तर लिहिलेलं असतं: बोलणं भरवशाचं होईल, देश आनंदात राहील. खाली पाठवणाऱ्याचं नाव. पौर्णिमा वेळेवर आली, इतकीच ती बातमी. पण त्या दिवशी वाड्यातल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. हीच भेट एखादा दिवस आधी वा नंतर झाली तर अशुभ, आणि ग्रहण लागलं तर राजाच्या जिवालाच धोका. मग काही काळ दुसऱ्याच कोणाला गादीवर बसवत आणि संकट त्याच्यावर जाऊ देत.

अशुरबनिपालचा बाप एसरहद्दोन वारंवार आजारी असे. त्याचा वैद्य उरद-नानाया एका पत्रात लिहितो की महाराज मला सारखे विचारतात, माझ्या दुखण्याचं निदान तू का करत नाहीस, त्यावर उपाय का काढत नाहीस. पत्राचा पुढचा भाग उपचारांचा आहे, पण ही ओळ वाचून वैद्याची झोप उडाली असणार हे कळतं. उरद-गुला नावाच्या मांत्रिकाचा अर्ज तर मला तोंडपाठ झाला आहे. दरबारातली जागा गेल्यावर तो राजाला लिहितो की माझ्याकडे पायताणाचा जोड घ्यायला पैसे नाहीत, शिंप्याची मजुरी द्यायला नाहीत, अंगावरच्या कपड्यांना बदली नाही आणि डोक्यावर कर्ज झालं आहे. त्याच्या बापानंही एकदा त्याच्यासाठी राजाकडे शब्द टाकला होता. ती पत्रंही आहेत. घरातल्या दोन पिढ्यांची नोकरीची धडपड आपण अडीच हजारांहून जास्त वर्षांनी वाचतो.

आणि एक पत्र नणंदेचं भावजयीला आहे. एसरहद्दोनची थोरली मुलगी शेरुआ-एतिरत हिनं अशुरबनिपालची बायको लिब्बाली-शर्रत हिला लिहिलं: तू तुझी पाटी का लिहीत नाहीस, तुझा पाठ का म्हणत नाहीस? नाहीतर लोक म्हणतील, ही का त्या थोरल्या राजकन्येची माणूस! पत्र छोटंसंच आहे, पण वाड्यातल्या बायका लिहायला शिकत होत्या आणि सुनेनं शिकावं याचा नणंदेला आग्रह होता, हे त्यातून उघड होतं. भांडणाचा सूर आहे, हेही खरं. सून युवराजाची बायको असली तरी राजाची लेक कोण, याची आठवण त्यात करून दिली आहे.

हे सगळं दप्तर. आता ग्रंथसंग्रह.

अशुरबनिपाल इ.स.पू. ६६९ ते ६३१च्या सुमारापर्यंत राज्यावर होता. राजा असून तो लिहायला-वाचायला शिकलेला होता, आणि त्याचा त्याला मोठा अभिमान होता. प्रलयाच्या आधीचे शिलालेख मी वाचले, क्लिष्ट सुमेरी आणि अक्कदी भाषा मला उलगडते, असं त्यानं लिहवून घेतलं आहे. सिंहाच्या शिकारीच्या शिल्पात त्याच्या कमरपट्ट्यात शस्त्राबरोबर बोरू खोचलेला दिसतो. सिंहावर चालून जाणाऱ्या माणसाच्या कमरेला बोरू! त्याचा एक गुरू बलासी हा ज्योतिषी होता. त्या बलासीचे अहवाल आणि पत्रंही दप्तरात आहेत.

ग्रंथाच्या पाटीच्या शेवटी पुष्पिका असते. पोथ्यांच्या सूचीवर काम केलेल्या माणसाला ती पाहून घरी आल्यासारखं वाटतं. ग्रंथाचं नाव, ही कितवी पाटी, पुढच्या पाटीची पहिली ओळ, आणि मग ‘जुन्या प्रतीप्रमाणे लिहिलं व ताडून पाहिलं’. आपल्याकडचा लेखनिक लिहितो, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया’, आणि पुढे शुद्ध-अशुद्धाचा दोष मला देऊ नका म्हणतो. असीरियन लेखनिक दोष झटकत नाही, तो तपासल्याची ग्वाही देतो. मूळ प्रत जिथे फुटलेली असेल तिथे तो स्वतः काही भरत नाही. तेवढी जागा सोडून बारीक अक्षरांत ‘हेपि’, म्हणजे ‘तुटलेलं’, असं लिहितो. फूट ताजी असेल तर ‘हेपि एश्शु’, ‘नवीन तुटलेलं’. ही खूण मी पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली तेव्हा बराच वेळ पुढे वाचवलं नाही. ज्याच्या समोर फुटकी पाटी होती आणि ज्यानं ती प्रामाणिकपणे तशीच नोंदवली, त्याचंच काम मी पुढे चालवत होते.

ग्रंथाचं नाव म्हणजे त्याची पहिली ओळ. गाथेतला अभंग आपण पहिल्या ओळीनं ओळखतो, तसंच. ‘जेव्हा वर आकाशाला नाव नव्हतं’ हे सृष्टीच्या उत्पत्तीचं काव्य सात पाट्यांचं, गिल्गमेश या वीराचं महाकाव्य बारा पाट्यांचं. आकाशातल्या शकुनांची ‘एनुमा अनु एन्लिल’ ही मालिका सुमारे ७० पाट्यांची आहे. या आकड्यांवरूनच राजाला काय हवं होतं ते कळतं. या संग्रहाचा गाभा काव्य नाही. शकुन, मेंढीच्या यकृतावरून काढायचे कौल, मंत्र, शांतिविधी, रोगनिदान आणि शब्दकोश, हा त्याचा मोठा भाग आहे. राजाला निर्णय घ्यायचे होते आणि देवांच्या मनात काय आहे ते त्यांतून वाचायचं होतं. आजच्या वाचकाला गिल्गमेश प्यारा आहे, मलाही आहे, पण संग्रह त्याच्यासाठी उभारलेला नव्हता.

वाचत कोण, याचं उत्तर पुष्पिकाच देते. मी हे लिहिलं, तपासलं, ताडलं आणि माझ्या वाचनासाठी वाड्यात ठेवलं, असं तिथे राजाच्या तोंडी आहे. दरबारातले विद्वान अर्थातच हे ग्रंथ पाहत असणार. पण नगरातल्या माणसासाठी दार उघडं होतं असं समजू नका. जो कोणी ही पाटी उचलून नेईल किंवा माझ्या नावाच्या जागी आपलं नाव लिहील, त्याला अश्शूर आणि निन्लिल या देवता रागानं खाली पाडोत, त्याचं नाव आणि वंश देशातून पुसून टाकोत, असा शापही काही पाट्यांवर आहे.

संग्रह वाढला कसा? नकला करून, मागवून आणि ओरबाडून. बाबिलोनजवळच्या बोर्सिप्पा शहरातल्या शदूनू नावाच्या माणसाला राजाचा हुकूम आहे. अमुक विद्वानांच्या घरातल्या आणि एझिदा मंदिरातल्या पाट्या गोळा कर, असीरियात नसलेली जी दुर्मीळ पाटी तुला माहीत असेल ती शोध आणि पाठव, तुला कोणी नाही म्हणणार नाही. हा हुकूम आपल्यापर्यंत नंतरच्या बाबिलोनी नकलांमधून आला आहे आणि तो अस्सल की शाळेत धडा म्हणून रचलेला, यावर वाद आहे. पण निनवेत सापडलेल्या याद्यांबद्दल वाद नाही. अशुरबनिपालचा भाऊ शमश-शुम-उकिन बाबिलोनचा राजा होता. त्यानं इ.स.पू. ६५२ मध्ये बंड केलं आणि ६४८ मध्ये तो संपला. लगेच पुढच्या वर्षीच्या या याद्या आहेत. कोणाकडून कोणत्या ग्रंथाच्या किती पाट्या आल्या, याची ओळवार नोंद त्यांत आहे. सुमारे दोन हजार पाट्या आणि तीनशे लाकडी फळ्या. हरलेल्या प्रदेशातले विद्वान युद्ध संपता संपता आपली पुस्तकं आपखुशीनं देत सुटले असतील, हे मला पटत नाही. माझ्या मते ही जप्ती होती. आणखी एका टिपणात निप्पूरच्या राज्यपालाच्या मुलाची, निनुर्ता-गिमिल्लीची, नोंद आहे: त्यानं मालिका लिहून पुरी केली, त्याला बेड्या घातल्या आहेत, बानुनू नावाच्या माणसाच्या ताब्यात आहे, सध्या त्याच्याजोगं काम नाही. ग्रंथसंग्रहाचं गुणगान करताना ही ओळ कोणी वगळू नये असं मला मनापासून वाटतं.

त्या तीनशे फळ्यांवरून आपण आगीकडे येतो. इ.स.पू. ६१२ मध्ये इराणकडच्या मीड लोकांच्या आणि बाबिलोनी फौजांनी निनवे घेतलं आणि जाळलं. पाट्या मुळात उन्हात वाळवलेल्या असत. कोरड्या जमिनीत कच्ची पाटीही हजारो वर्षं टिकते, तिला जगायला आग लागत नाही. आगीनं काही पाट्या पक्क्या केल्या, हे खरं. पण काही इतक्या तापल्या की वाकल्या, वितळून काचेसारख्या झाल्या. वरून कोसळताना आणि पायाखाली येऊन ज्या फुटल्या त्या वेगळ्याच. आगीनं जे खरोखर नेलं ते मातीचं नव्हतंच. लाकडी फळ्यांवर मेणाचा थर देऊन त्यावर लिहीत. चामड्यावर आणि पपायरसवर अरामी भाषेत लिहिणारे लेखनिक दरबारात असीरियन लेखनिकांच्या बरोबरीनं बसत. सन्हेरीबचा बाप सारगोन दुसरा याच्या काळात दक्षिणेतल्या ऊर शहराच्या एका अधिकाऱ्यानं अरामीत लिहायची परवानगी मागितली, तेव्हा राजानं अक्कदीतच लिही म्हणून बजावलं. मागणी आली, याचाच अर्थ अरामी किती रुळली होती ते पाहा. तो सगळा लिखित व्यवहार राख झाला. आज जे हातात आहे ते फक्त मातीवरचं.

फळ्या कशा होत्या हे कळलं ते एका विहिरीमुळे. १९५३ मध्ये निमरूद या दुसऱ्या असीरियन शहरातल्या राजवाड्यात, विहिरीच्या गाळात हस्तिदंताच्या आणि अक्रोडाच्या फळ्या निघाल्या. सारगोननं आपल्या नव्या वाड्यासाठी ‘एनुमा अनु एन्लिल’ लिहवून घेतलेला संच होता तो. मेणाचे काही कपचे अजून अक्षरांसकट शिल्लक होते. मेणात मिसळलं होतं हरताळ. आपल्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर लावत तेच पिवळं हरताळ, ज्यावरून ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. तिथे मात्र त्यामुळेच मेणावर अक्षर नीट उठत असे.

ठेवत कसे, याचा पुरावा निनवेपेक्षा इतर ठिकाणी चांगला आहे. खोर्साबाद या सारगोनच्या राजधानीतल्या नबू देवाच्या मंदिरात भिंतीत कबुतरखान्यासारखे कोनाडे सापडले. सिप्परला १९८६ मध्ये इराकी पुरातत्त्वज्ञांना सूर्यमंदिरातली एक छोटी खोली मिळाली. तिथल्या कोनाड्यांत पाट्या अजून रांगेनं उभ्या होत्या. ते ग्रंथालय निनवेनंतरचं, बाबिलोनी आहे, पण मांडणी जागेवर पाहायला मिळाली हे भाग्यच.

राहिला ३० हजारांचा आकडा. एकच पाटी पंधरा तुकड्यांत विखुरलेली असू शकते आणि त्या पंधरांना पंधरा ‘के’ क्रमांक असतात. एकाच ग्रंथाच्या चार-पाच प्रती असतात. त्यात पत्रं, करार, हिशेब धरले आहेत. तुकड्याला तुकडा जुळवणं हेच आमचं रोजचं काम. बँकेच्या नोटांसाठी कोरीवकाम करणारा जॉर्ज स्मिथ याच नादानं ब्रिटिश म्युझियममध्ये आला आणि १८७२ मध्ये ‘के. ३३७५’ या पाटीवर त्याला प्रलयाची कथा सापडली: डोंगरावर टेकलेलं ते जहाज, सोडलेली पाखरं. ३ डिसेंबर १८७२ रोजी त्यानं ती लंडनमध्ये वाचून दाखवली. चारच वर्षांनी, तिसऱ्या प्रवासात, तो अलेप्पोजवळ वारला. आज म्युनिकहून चालणाऱ्या संगणकीय संग्रहात हजारो तुकड्यांचा मजकूर एकमेकांशी ताडता येतो आणि जुळण्या भराभर निघतात. तरी शेवटी दोन कडा हातात धरून पाहाव्याच लागतात. त्या खरोखर बसल्या की मधलं अर्धं अक्षर पुरं होतं.

मुंबईशी याचा संबंध खरा आहे. कीलाकार लिपी उलगडणाऱ्यांतला हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई लष्करात कोवळा पोऱ्या म्हणून दाखल झाला होता. लेयार्डच्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे इंग्लंडला जात. निमरूदहून आलेले काही असीरियन शिल्पपट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आजही आहेत. गेलात तर अंगरख्यावरची नक्षी आणि दंडाचे स्नायू जवळून पाहा.

पाट्यांचे फोटो पाहायचे असतील तर ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर ‘के’ क्रमांकानं मिळतात. उजेड डाव्या बाजूनं तिरपा पडलेला फोटो निवडा, नाहीतर खोलगट खुणा उठावदार दिसतात आणि नजर फसते. आणि मागची बाजू पुस्तकाचं पान उलटतो तशी उलटू नका. पाटी खालच्या कडेवरून फिरवायची, म्हणजे मजकूर सरळ येतो. मागच्या बाजूचे स्तंभ उजवीकडून डावीकडे वाचायचे. पुष्पिका असेल तर ती डावीकडच्या शेवटच्या स्तंभात, तळाशी.